‘पॉश’ शब्दाची जलयात्रा : एका आद्याक्षरी व्युत्पत्तीचा इतिहास

इंग्रजीतील ‘पॉश’ हा शब्द मराठी भाषिकांच्या तोंडी इतका रुळला आहे की ‘पॉश वस्ती’ म्हणताना तो कोणास परका वाटत नाही. त्याची जी व्युत्पत्ती सर्वत्र सांगितली जाते ती तर थेट मुंबई बंदरात येऊन पोहोचते. इंग्लंडहून हिंदुस्थानास येणाऱ्या बोटीवर जाताना डावीकडची व परतताना उजवीकडची खोली मिळाली, की प्रवाशास उन्हाचा ताप कमी होई. अशी खोली धनिकांनाच परवडे, सबब पी. अँड ओ. कंपनी त्यांच्या तिकिटावर ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ या शब्दांची आद्याक्षरे उमटवी, आणि त्या चार अक्षरांचाच पुढे शब्द झाला, अशी ती कथा आहे. कथा मोठी रेखीव आहे. तीत भूगोल आहे, हवामान आहे, साहेबी थाट आहे. नाही तो फक्त पुरावा.

कथेतील तर्क अगदीच निराधार आहे असे नव्हे. सुवेझचा कालवा १८६९ मध्ये खुला झाल्यावर हा प्रवास तांबड्या समुद्रातून होऊ लागला. दक्षिणेकडे जाणाऱ्या जहाजाची उजवी बाजू तेथे पश्चिमेस येते व दुपारचे ऊन तीवर पडते. परतीच्या वाटेवर हेच उलट होते. परंतु एखादी गोष्ट संभवनीय असणे आणि ती प्रत्यक्ष घडलेली असणे यांत अंतर आहे. १८४० मध्ये सनद मिळालेल्या या कंपनीचे अशी अक्षरे उमटविलेले एकही तिकीट उपलब्ध झालेले नाही. ‘द मरिनर्स मिरर’ या नौकाइतिहासविषयक नियतकालिकात १९७१ मध्ये या प्रश्नाचा परामर्श घेण्यात आला, तेव्हाही कथेस आधार सापडला नाही.

त्याहून निर्णायक मुद्दा कालक्रमाचा आहे. आजवर आढळलेल्या नोंदींत हे स्पष्टीकरण प्रथम छापले गेले ते १९३५ मध्ये, ‘टाइम्स लिटररी सप्लिमेंट’मधील एका पत्रात. शब्द मात्र त्यापूर्वीचा आहे. ई. चार्ल्स व्हिव्हियन यांच्या ब्रिटिश सैन्यावरील १९१४ च्या पुस्तकात तो सैनिकी बोलीतील शब्द म्हणून येतो. सरकारी गणवेशाबाहेरचे, स्वतःच्या हौसेने मिळविलेले उंची कपडे, हा त्याचा तेथील अर्थ. म्हणजे शब्दाचा हा आरंभीचा वापर पहिल्या वर्गाच्या डेकवरचा नसून घोडदळातील साध्या शिपायांच्या बराकीतला आहे. पुढे कथेनेच शब्दाचा ताबा घेतला. १९६८ च्या ‘चिटी चिटी बँग बँग’ या चित्रपटातील गाण्याने तर ती मुलांच्याही तोंडी गेली.

अशा व्युत्पत्तींचे एक मोठे कुटुंबच इंग्रजीत नांदत आहे. ‘न्यूज’ म्हणजे उत्तर, पूर्व, पश्चिम व दक्षिण या दिशांची आद्याक्षरे, असे सांगतात. वस्तुतः ते ‘न्यू’ या विशेषणाचे अनेकवचनी रूप आहे. ‘गोल्फ’ म्हणजे ‘जंटलमेन ओन्ली, लेडीज फॉरबिडन’ ही तर उघड थट्टाच होय. स्कॉटलंडच्या पार्लमेंटने १४५७ मध्ये त्या खेळावर बंदी घातली, तेव्हा आणि नंतरही दीर्घकाळ त्या शब्दाचे लेखन स्थिर नव्हते. आणि ज्या शब्दाची अक्षरेच ठरलेली नाहीत तो आद्याक्षरांपासून बनणार कसा? ‘कबाल’ या शब्दाची हकीकत अधिक बोधप्रद आहे. दुसऱ्या चार्ल्सच्या क्लिफर्ड, आर्लिंग्टन, बकिंगहॅम, ॲशली व लॉडरडेल या पाच मंत्र्यांच्या नावांची आद्याक्षरे जुळवून तो बनतो, हे खरे. परंतु गुप्त कारस्थानी मंडळ या अर्थी तो फ्रेंचमधून आधीच इंग्रजीत आलेला होता व त्याचे मूळ हिब्रू आहे. शब्द तयार होता म्हणूनच मंत्र्यांची थट्टा साधली. कारण आणि कार्य यांची अदलाबदल पुढच्या पिढ्यांनी केली.

आद्याक्षरे जुळवून उच्चारण्याजोगा शब्द घडविण्याची प्रथा इंग्रजीत रूढ झाली ती मुख्यतः विसाव्या शतकात, दोन महायुद्धांच्या लष्करी कारभारातून. ‘रडार’ हा शब्द १९४० चा. अशा शब्दांसाठी ‘ॲक्रोनिम’ ही संज्ञाही त्याच दशकात प्रचारात आली. स्वतःच्या काळातील शब्दघटनेची ही रीत लोकांनी नकळत मागील शतकांवर लादली. यास ठळक अपवाद ‘ओके’चा, बोस्टनच्या एका वृत्तपत्रात २३ मार्च १८३९ रोजी ‘ऑल करेक्ट’ या शब्दांच्या मुद्दाम चुकीच्या लेखनाचा संक्षेप म्हणून तो अवतरला, हे ॲलन वॉकर रीड यांनी १९६३-६४ मध्ये दाखवून दिले. तेथेही निवाडा झाला तो कथेच्या गोडीने नव्हे, जुनी वृत्तपत्रे चाळल्याने.

अक्षराअक्षरांतून शब्द उकलण्याची हौस पाश्चात्त्यांपुरती नाही. ‘अग्नि’ शब्दातील अक्षरे तीन निरनिराळ्या धातूंपासून आली, हे शाकपूणीचे मत यास्काने निरुक्तात नोंदविले आहे. लॅटिन ‘इग्निस’ समोर असता आज ते टिकत नाही. मात्र निरुक्तकारांस शब्दाचा अर्थ उलगडावयाचा होता, त्याचा जन्मदाखला काढावयाचा नव्हता. त्यांस या पंक्तीत बसविणे अन्यायाचे होईल.

एर्न्स्ट फोर्स्टेमान याने १८५२ मध्ये ज्यास लोकव्युत्पत्ती म्हटले, ती याहून वेगळी आहे. तीत शब्दाचे रूपच पालटते. मोहरमच्या मिरवणुकीतील ‘या हसन, या हुसेन’ हा आक्रोश गोऱ्या शिपायांच्या कानी ‘हॉब्सन-जॉब्सन’ झाला आणि यूल व बर्नेल यांच्या १८८६ च्या कोशाचे ते नावच ठरले. त्या अपभ्रंशात बोलणाऱ्यांचा खरा इतिहास साठला आहे. आद्याक्षरी कथा शब्दास हातही लावीत नाही; ती त्याच्यामागचा इतिहास तेवढा बदलते, आणि ‘पॉश’च्या बाबतीत ही हानी लहान नाही.

एकोणिसाव्या शतकात लंडनच्या खालच्या थरातील बोलीत ‘पॉश’ म्हणजे अर्धी पेनी, पुढे एकूणच पैसा. बारेर व लेलंड यांच्या १८८९-९० च्या कोशात या अर्थासोबतच ‘छानछोकी करणारा’ हा अर्थही नोंदलेला आहे. ‘द डायरी ऑफ अ नोबडी’ या १८९२ च्या विनोदी पुस्तकातील एका श्रीमंत पात्राचे आडनाव पॉश आहे, हेही अर्थपूर्ण म्हणावयास हवे. पैशाच्या अर्थाचा शब्द रोमानी भाषेतला. इंग्लंडातील रोमा लोक अर्ध्या पेनीस ‘पॉश-हौरी’ म्हणत. ‘पॉश’ म्हणजे अर्धा. या रोमानी शब्दाचे मूळ संस्कृत ‘पार्श्व’, म्हणजे बाजू, असे मानले जाते. त्याच ‘पार्श्व’चे प्राकृतात ‘पास’ झाले आणि मराठीत ‘पासून’ व, इकारापूर्वी सकाराचा शकार होऊन, ‘पाशी’. रोमानीने जुना शकार टिकविला. तेव्हा या शब्दाचा हिंदुस्थानाशी संबंध असलाच, तर तो आगबोटीच्या कितीतरी शतके आधी खुष्कीच्या मार्गाने पश्चिमेस गेलेल्या निर्धन माणसांमुळे आहे. त्यांच्या अर्ध्या पेनीच्या जागी पहिल्या वर्गाची खोली बसविण्याचे काम १९३५ नंतरच्या कथेने केले.

ऑक्सफर्डचा कोश या दुव्यावरही शिक्कामोर्तब करीत नाही. अर्ध्या पेनीपासून शिपायाच्या झकपक पोशाखापर्यंत अर्थ कसा सरकला, याचे मधले टप्पे कागदावर मिळालेले नाहीत. वुडहाउसच्या १९०३ च्या एका पुस्तकात याच अर्थी ‘पुश’ असे रूप येते. तो निराळा शब्द, की याचेच रूपांतर, हेही अनिर्णीत आहे.