लखोटा कोणी उघडायचा? : मोर्तबापासून नेटवर्क-पॅकेटवरच्या लेबलापर्यंत

संगणकांच्या जाळ्यातून माहिती सलग वाहत जात नाही. तिचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा स्वतंत्र निघतो. त्या तुकड्याला पॅकेट म्हणतात. हा शब्द आपल्याकडे फार आधी 'पाकीट' होऊन आलेला आहे; पोस्टाचं पाकीट आपण सगळ्यांनीच फोडलेलं आहे. आजचा प्रश्न दोन्ही पाकिटांना लागू पडतो : हे कोणी उघडायचं, आणि ते कोणी ठरवायचं? आपण तीन मुक्काम करणार आहोत. पहिला जुन्या मराठी पत्रव्यवहारात, दुसरा नगरच्या भुईकोट किल्ल्यात आणि तिसरा संगणकाच्या कर्नलमध्ये. कर्नल म्हणजे सैन्यातला कर्नल नव्हे, बरं का! यंत्रणेचा जो गाभा सगळ्या कामांवर ताबा ठेवतो, तो कर्नल.

पहिला मुक्काम. मोडीतले जुने राजपत्र हातात घेतले की दोन गोष्टी दिसतात. वर मुद्रा असते आणि मजकूर संपतो तिथे मोर्तब. मुद्रा सांगते, हे कोणाकडून आले. मोर्तब सांगते, लेखनाची मर्यादा इथे संपली. याच्या खाली कोणी काही घुसडले तर ते आमचे नाही. तिसरी खूण मायन्यात असते. 'राजमान्य राजश्री' असे लिहिताना लिहिणाऱ्याचा आणि वाचणाऱ्याचा दर्जा ठरून जातो. वडिलांना एक मायना, बरोबरीच्याला दुसरा, हाताखालच्याला तिसरा. पण एक गोष्ट यांपैकी एकही खूण सांगत नाही : वाटेत हे कोणी वाचू नये. तेवढ्यासाठी लाखेचा लखोटा होता आणि विश्वासातला जासूद होता. म्हणजे अस्सलपणाची खूण कागदावर आणि गुप्ततेचा भार माणसावर, अशी वाटणी होती. ही वाटणी लक्षात ठेवा.

दुसरा मुक्काम आपल्याच जिल्ह्यातला. ९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत काँग्रेस कार्यकारिणीच्या सदस्यांना अटक झाली आणि त्यांना नगरच्या किल्ल्यात आणले. नेहरू, पटेल, मौलाना आझाद, नरेंद्र देव, शंकरराव देव असे एकूण बारा जण तिथे होते. त्यांना कुठे ठेवले आहे हे सरकारने सुरुवातीला जाहीरच केले नाही. आरंभी वर्तमानपत्रे बंद, पत्रे बंद. पुढे मुभा मिळाली ती घरच्या माणसांना, घरगुती विषयावर आणि तपासनिसाच्या नजरेखालून लिहिण्याची.

आता मौलाना आझादांचे बघा. त्यांनी किल्ल्यात आपले मित्र हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना उद्देशून पत्रे लिहिली. चहावर, चिमण्यांवर, संगीतावर, ईश्वरावर. ती पाठवली मात्र नाहीत. मित्र काही कुटुंबात मोडत नव्हता. सुटकेनंतर १९४६ मध्ये ती 'गुबार-ए-खातिर' या नावाने छापली गेली. त्यांतले एक पत्र पत्नीच्या मृत्यूनंतरचे आहे. झुलेखा बेगम ९ एप्रिल १९४३ रोजी कोलकात्यात वारल्या. त्या आजारी असताना तुरुंगाच्या अधीक्षकांनी सुचवले होते की सरकारला काही कळवायचे असेल तर सांगा, लगेच पोचवतो. आझादांनी काहीही मागितले नाही.

इथे आपण जरा थांबू. किल्ल्यातल्या पत्रावरचे लेबल लिहिणाऱ्याने लावलेले नव्हते आणि ज्याला ते जायचे त्यानेही नव्हे. ते तिसऱ्याच सत्तेने लावले. लिहिणारा म्हणतो वाचू द्या, वाचणारा म्हणतो द्या इकडे, आणि तरीही पत्र जात नाही. संगणकशास्त्रात याला 'सक्तीचे प्रवेश-नियंत्रण' म्हणता येईल. आपल्या फायलीची परवानगी आपणच दुसऱ्याला देऊ शकतो, ते ऐच्छिक नियंत्रण. मालकाच्या मर्जीला जिथे शेवटचा अधिकार नाही, ते सक्तीचे.

आता तिसरा मुक्काम. १९७३ च्या सुमारास अमेरिकी हवाई दलासाठी मायटर या संस्थेत डेव्हिड बेल आणि लेनर्ड लापाडुला यांनी या सक्तीचे गणित मांडले. नियम मुख्यतः दोन. खालच्या पायरीवरच्याने वरचे वाचायचे नाही. हे कोणालाही पटते. दुसरा नियम चमत्कारिक वाटतो : वरच्या पायरीवरच्याने खाली लिहायचे नाही. म्हणजे साहेबाने कारकुनाला चिठ्ठीसुद्धा लिहायची नाही? कारण असे की भीती साहेबाची नसते, साहेब जो प्रोग्रॅम चालवतो त्याची असते. तो त्याच्या नकळत गुपित उचलून खालच्या फायलीत टाकील. १९८३ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याने 'ऑरेंज बुक' या नावाने ओळखली जाणारी कसोटी काढली आणि बी-१ व त्यावरच्या दर्जाच्या यंत्रणांना लेबले सक्तीची केली.

पण एका यंत्रातली फाईल जाळ्यावर निघाली की तिचे लेबल मागे राहते. मग ते पाकिटावर लिहायचे कुठे? इंटरनेटचा मूळ नियम, सप्टेंबर १९८१ चा आरएफसी ७९१, यातच सुरक्षिततेच्या खुणेसाठी जागा ठेवलेली आहे. पाकिटाच्या शीर्षकात अशा ऐच्छिक नोंदींना एकूण ४० बाइट मिळतात. पुढे 'सिप्सो' नावाचा आराखडा आला. त्याने या ४० बाइटांत काय बसवले ते ऐका. पहिले ६ बाइट ओळखीचे. मग ४ बाइटांत लेबलाचा प्रकार, लांबी आणि गुप्ततेची पायरी वगैरे. उरलेल्या ३० बाइटांत २४० विभागांच्या होय-नाहीच्या खुणा. झाले ४०! तांदळावर नाव कोरण्यातलाच प्रकार.

त्या पहिल्या ६ बाइटांतले ४ एका आकड्याचे असतात. तो आकडा सांगतो की हे लेबल कोणत्या कोशाप्रमाणे वाचायचे. कारण 'पायरी ३' म्हणजे काय, हे एका कचेरीत वेगळे आणि दुसऱ्या कचेरीत वेगळे. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवले, म्हणून ही गोष्ट आम्हांला फार आवडली. चिन्हाला स्वतःचा अर्थ नसतो, तो एका समूहाच्या वापरात असतो. हे अभियंत्यांना ४ बाइट खर्चून मान्य करावे लागले.

लिनक्समध्ये या गोष्टी कशा आल्या? अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने डिसेंबर २००० मध्ये एसईलिनक्स खुले केले आणि २००३ च्या २.६ आवृत्तीत ते मूळ कर्नलचा भाग झाले. मग २००६ या एकाच वर्षात पाकिटावरच्या लेबलाची तीन उत्तरे कर्नलमध्ये दाखल झाली. एक सेकमार्क : लेबल वेशीवरच्या पहारेकऱ्याने लावायचे, गावात आहे तोवर चालायचे, गावाबाहेर त्याला किंमत नाही. दुसरे नेटलेबल : लेबल पाकिटावरच, सिप्सोच्या पद्धतीने, दुसऱ्या यंत्रापर्यंत जाणारे. तिसरे आयपीसेक-आधारित : पाकिटावर काहीच न लिहिता दोन यंत्रांनी कूटभाषेचा करार करायचा आणि लेबल त्या कराराला जोडायचे. वेस, मोर्तब आणि खासगी खूण. माणसाने पूर्वी केलेलेच तीन उपाय.

नेटलेबलची कमजोरीही आपल्या ओळखीची आहे. सिप्सोच्या लेबलावर सही नसते. वाटेतल्या कोणी पायरीचा आकडा बदलला तर पाकीट तक्रार करीत नाही. म्हणून ते विश्वासातल्या जाळ्यातच वापरायचे, नाहीतर कूटभाषेच्या लखोट्यात घालून. म्हणजे पुन्हा जासुदाच्या इमानापाशी आलो! आणि लेबल पाठवणाऱ्याच्या मर्जीवर सोडले तर काय होते, याची थट्टा १ एप्रिल २००३ च्या आरएफसी ३५१४ मध्ये आहे : दुष्ट हेतूने पाठवलेल्या पाकिटावर पाठवणाऱ्याने स्वतःच 'दुष्ट' अशी खूण करावी. हसू येते, पण मुद्दा खरा आहे. म्हणूनच लेबल प्रोग्रॅम लावत नाही, कर्नल लावतो.

मग पणाला काय लागले आहे? लेबलाला मजकूर कळत नाही. किल्ल्यात राजकीय पत्र आणि चिमण्यांवरचे पत्र, दोन्ही एकाच नियमाने अडली. नियम निःपक्षपाती होता आणि म्हणूनच निर्दय. बेल आणि लापाडुलांनाही 'विश्वासू कर्ता' असा अपवाद ठेवावाच लागला, जो पायरी उतरवू शकतो. पायरी चढवणे यंत्राला जमते. उतरवायला कोणीतरी जबाबदारी घ्यावी लागते.

दुसरे असे की त्या ४० बाइटांत पायरीला जागा आहे, विभागांना आहे, कोशाला आहे. तारखेला नाही. हे गुपित कधीपर्यंत, हे लेबल सांगत नाही. ते समाजाला बाहेरून सांगावे लागते. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यात ते आहे : वीस वर्षांपूर्वीच्या घटनांची माहिती काही अपवाद सोडून द्यावी लागते, आणि कलम १० प्रमाणे गोपनीय भाग वगळून उरलेला कागद द्यावा लागतो. पाकीट अख्खे जाते किंवा अख्खे अडते. कागद अर्धा देता येतो. त्याआधी महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा आला. तो व्हावा म्हणून ज्यांनी आंदोलन केले, २००३ मध्ये आझाद मैदानावर उपोषण केले, ते अण्णा हजारे पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीचे. म्हणजे पत्रे अडवणारा किल्ला आणि कागद उघडायला लावणारे गाव, दोन्ही एकाच जिल्ह्यातली.

गुप्तता वाईट असे आम्ही म्हणत नाही. लष्कराच्या नकाशाला, रुग्णाच्या कागदाला, आपल्या बँकेच्या पाकिटाला ती हवीच. पण कुठलेही लेबल दिसले की तीन प्रश्न विचारण्याची सवय ठेवा : हे कोणी लावले, कोणत्या कोशाप्रमाणे, आणि कधीपर्यंत? पहिल्या दोहोंची उत्तरे कर्नल देतो. तिसरे नागरिकांनी मागायचे असते.