पार्ट मिळत नाहीत, ते कशाचे?

जुना ॲम्प्लिफायर दुरुस्तीला काढला की खानदेशातल्या पहूरला पेठेत काय आणि कसब्यात काय, एकच उत्तर मिळतं: याचे पार्ट आता येत नाहीत, यात पैसे घालण्यापेक्षा नवा होम थिएटर घ्या. जळगावात आणि पुण्यातही हेच ऐकू येतं. हे मत अडाणीपणाचं नाही. बोलणाऱ्यांनी टेपडेकचे झिजलेले हेड आणि दात तुटलेले प्लास्टिकचे गिअर हाताळलेले असतात. एसटीके नंबरच्या नावाखाली विकली जाणारी नकली आयसी लावल्या लावल्या कशी जळते, तेही त्यांनी पाहिलेलं असतं. तेवढ्यापुरतं त्यांचं म्हणणं मला मान्य आहे. पण त्यावरून सगळं जुनं सामान भंगार ठरवणं चूक आहे, कारण पार्ट न मिळण्याची खरी अडचण नव्या मशीनची आहे.

सत्तर-ऐंशीच्या दशकातला कोलकात्याच्या सोनोडाइनचा एखादा ॲम्प्लिफायर उघडून बघा. तेव्हा आयातीवर कडक निर्बंध होते, त्यामुळे देशात मिळेल त्या मालावरच मशीन उभं करणं कारखान्यांना भाग होतं. त्या काळच्या सेटमध्ये सुटे रेझिस्टन्स, कंडेन्सर, ट्रान्झिस्टर आणि एक जड ट्रान्सफॉर्मर दिसतो. आउटपुटला पुष्कळदा 2एन3055 असतो. अमेरिकेच्या आरसीएने साठच्या दशकात आणलेला हा ट्रान्झिस्टर आजही बनतो आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळतो. वॉल्व्हचा सेट असला तरी अडत नाही. ईएल84 आणि ईसीसी83 हे वॉल्व्ह स्लोव्हाकियातली जेजे कंपनी अजून बनवते. आता बंद पडलेला साउंडबार उघडा. आत एकच बोर्ड, त्यावर तांदळाच्या कणीएवढे भाग आणि कंपनीने प्रोग्राम भरलेली आयसी. मॉडेल बंद झालं की तो बोर्ड कुठेच मिळत नाही.

ताकदीचंही तसंच. स्वस्त सेटच्या खोक्यावर पीएमपीओचे, म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीचे, हजार वॅट छापलेले असतात आणि सोबतच्या अडॅप्टरवर 12 व्होल्ट, 2 अँपिअर. गुणाकार 24 येतो. आत 24 वॅट जात असतील तर बाहेर सलग हजार निघूच शकत नाहीत. पश्चिम जर्मनीच्या डीआयएन 45500 या मानकाने स्टिरिओ ॲम्प्लिफायरला हाय-फाय म्हणवून घ्यायला दर चॅनलला 6 वॅट पुरेसे मानले होते, पण ते खरे, सलग मिळणारे 6 वॅट. घरातल्या खोलीला जुन्या सेटचे पंधरा-वीस वॅट भरपूर होतात.

खानदेशच्या हवेचा विचार तर कोणी करतच नाही. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत चॅसी गंजते आणि स्पीकरच्या कागदी कोनाला बुरशी लागते. पहूरला पावसाळा सोडला तर हवा कोरडी, त्यामुळे लोखंड, लाकूड आणि कागद टिकतात. इथे घात करते ती उष्णता. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरचं आयुष्य दर 10 अंशांना साधारण निम्मं होतं, आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या आसपास जातो. पत्र्याखालच्या माळ्यावर पडलेल्या सेटचा कंडेन्सर सुकणार आणि टर्नटेबलचा बेल्ट कडक होणार. पण हेच भाग सगळ्यात स्वस्त आणि बदलायला सोपे आहेत.

काही शौकीन दुसऱ्या टोकाला जातात. मूळचा कंडेन्सर काढला तर जुना आवाज जाईल, असं त्यांचं म्हणणं. सुकलेल्या कंडेन्सरचा आवाज हा बिघाडाचा आवाज आहे. सेट आखणाऱ्या इंजिनिअरला तो कधीच अभिप्रेत नव्हता.

स्वस्तात मिळालेला सेट थेट 230 व्होल्टला मात्र जोडू नये. आधी सिरीज बोर्डवर 100 वॅटचा जुना पिवळा बल्ब लावून बघावं. बल्ब क्षणभर पेटून मंदावला तर ठीक, भगभगीत पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे. मग स्पीकर न जोडता त्याच्या टर्मिनलवर डीसी मोजावा. काही मिलिव्होल्ट चालतात. चार-पाच व्होल्ट असले तर स्पीकरची कॉइल जळू शकते. हम येत असेल तर पॉवर सप्लायचे मोठे फिल्टर कंडेन्सर बदलावेत, पण हात लावण्याआधी त्यांतला चार्ज रेझिस्टन्समधून उतरवलाच पाहिजे. खरखरणारा व्हॉल्यूम बहुतेक वेळा कॉन्टॅक्ट क्लीनरनेच सुधारतो.

भंगारात या सेटला भाव येतो तो ट्रान्सफॉर्मरमधल्या तांब्यामुळे. ते काढायला ट्रान्सफॉर्मर फोडला की त्याच मापाचा नवा गुंडाळून घेण्याचा खर्च सेटच्या किमतीवर जातो, आणि मग दुरुस्ती खरोखरच परवडत नाही. म्हणून पहूर, शेंदुर्णी, जामनेरच्या भंगारवाल्यांना विनंती आहे की असा सेट फोडण्याआधी चार दिवस दुकानाबाहेर मांडून ठेवा. आणि ज्यांच्या माळ्यावर तो पडलाय त्यांनी मेकॅनिकला आधी झाकण उघडायला लावावं. पार्ट मिळतो की नाही, ते आतला नंबर वाचूनच ठरवावं.