आठ बाय चारच्या प्लायमधून जास्त तुकडे निघतात कसे? सीएनसी 'नेस्टिंग' म्हणजे काय, जाणून घ्या

मुंबई (वरळी) : बीडीडी चाळ म्हटलं की गावाकडच्या प्रत्येकाला कुणी ना कुणी आठवतो. कुणाचा काका गिरणीत होता, कुणाचा मामा पोलिसात. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे या चाळी बांधल्या. एकूण २०७ इमारती, त्यातल्या १२१ एकट्या वरळीत. खोली १६० चौरस फुटांची, संडास सामाईक. आता म्हाडाकडून पुनर्विकास सुरू असून वरळीतल्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या १४ ऑगस्ट २०२५ ला देण्यात आल्या. नवीन घर ५०० चौरस फुटांचं, मालकी हक्काचं.

घर तिप्पट झालं की पहिला प्रश्न फर्निचरचा. चाळीतलं लोखंडी कपाट आणि पोटमाळ्यावरच्या ट्रंका नव्या घरात शोभत नाहीत, असं घरच्यांचंच म्हणणं असतं. मग किचनची कपाटं, वॉर्डरोब, दिवाण यांचा हिशेब सुरू होतो आणि तो येऊन थांबतो एका वाक्यावर : "प्लायच्या शीट किती लागतील?" हाच प्रश्न गावात नवीन घर बांधणाऱ्यालाही पडतो. उत्तर देणारं तंत्र आता बदललं आहे. त्याला नेस्टिंग म्हणतात.

नेस्ट म्हणजे घरटं. एकात एक वस्तू नीट बसवून ठेवणं, असा अर्थ घ्यावा. ब्लाउजपीस अंथरून शिंपी खडूने बाही, पाठ, पट्टी अशी आखतो की कापड वाया जाऊ नये. तेच काम संगणकाने प्लाय, एमडीएफ किंवा पत्र्याच्या शीटवर करायचं आणि त्या आखणीप्रमाणे सीएनसी मशीनने कापायचं. सीएनसी म्हणजे संगणकाच्या आकड्यांवर चालणारं मशीन. कटर कुठून कुठे फिरवायचा हे फाईलमध्ये लिहिलेलं असतं.

एक उदाहरण बघा, म्हणजे पैसा कुठे जातो ते कळेल. प्लायची शीट ८ बाय ४ फुटांची, म्हणजे ९६ बाय ४८ इंच. समजा कपाटांसाठी २० बाय १३ इंचाच्या ४८ फळ्या पाहिजेत. सगळ्या फळ्या लांबीच्या बाजूने सरळ लावल्या तर एका ओळीत ४, अशा ३ ओळी, झाल्या १२. शीटच्या टोकाला १६ इंचाची पट्टी उरली, त्यात दोन फळ्या आडव्या बसतात, म्हणजे १४. सगळ्याच आडव्या लावल्या तरी ७ च्या दोन ओळी, म्हणजे १४ च.

आता मिसळून लावा. एका कडेला ७ फळ्या आडव्या, शेजारी ४-४ च्या दोन ओळी उभ्या, आणि त्यांच्या टोकाला उरलेल्या चौकात आणखी एक आडवी. एकूण १६. शीट तीच, करवत तीच. पण ४८ फळ्यांना १२ किंवा १४ च्या हिशेबाने ४ शीट लागतात आणि १६ च्या हिशेबाने ३. अठरा मिलीमीटरच्या चांगल्या प्लायची किंमत हजारांत जाते, शिवाय सनमाइका वेगळा. पहिल्या पद्धतीत शीटचा जवळपास ६८ टक्के भाग कामी येतो, शेवटच्या पद्धतीत ९० टक्के. हुशार मिस्त्री ही मांडणी डोक्यातच करतो, यात शंका नाही. पण एका घराचे वेगवेगळ्या मापाचे शंभर-सव्वाशे तुकडे असले की माणसाचं डोकं थकतं.

इथे एक अट आहे. सनमाइकावर लाकडाच्या रेघा असतील तर फळी फिरवता येत नाही. एका दारावर रेघ उभी आणि दुसऱ्यावर आडवी आली तर कपाट विचित्र दिसतं. म्हणून रेघांची डिझाईन निवडली की प्लाय जास्त लागतो. साधा पांढरा किंवा एकरंगी निवडला तर तुकडे कसेही फिरवता येतात. आतल्या फळ्यांना रेघा कशाला पाहिजेत, हा विचार ऑर्डर देण्याआधी करावा.

दुसरी गोष्ट बरेच जण विसरतात. चार फुटांच्या शीटमधून दोन-दोन फुटांच्या दोन पट्ट्या निघत नाहीत! करवतीचं पातं स्वतःच ३ ते ४ मिलीमीटर लाकूड खातं. सीएनसी राऊटरचा कटर ६ मिलीमीटर किंवा त्याहून जाड असतो. शीटची कडाही थोडी छाटावी लागते. त्यामुळे कपाटाची खोली बरोबर २४ इंच धरली तर एका शीटमधून एकच पट्टी मिळते आणि जवळजवळ तेवढीच दुसरी वाया जाते. तीच खोली पावणेचोवीस किंवा साडेतेवीस इंच धरली की दोन निघतात. पाव-अर्ध्या इंचाने कपाटात काही फरक पडत नाही, बिलात पडतो. सॉफ्टवेअरमध्ये कटरची जाडी आधीच भरलेली असते, म्हणून ते असल्या ठिकाणी फसत नाही.

संगणक ही मांडणी शोधतो तरी कशी? सगळे पर्याय तपासून नाही. नुसते २० वेगवेगळे तुकडे कुठला आधी, कुठला नंतर असे लावायचे म्हटले तरी पर्यायांची संख्या १९ आकडी होते. म्हणून तो आधी मोठे तुकडे बसवतो, मग लहान तुकडे फटीत घालतो, आणि मग क्रम बदलून, तुकडे फिरवून पुन्हा पुन्हा करून बघतो. काही सॉफ्टवेअर तर बियाणं निवडल्यासारखं काम करतात. बऱ्याच मांडण्या तयार करायच्या, चांगल्या ठेवायच्या, त्यांचा संकर करायचा, खराब टाकून द्यायच्या. मिळालेली मांडणी सर्वांत उत्तम असेलच असं नाही, पण थोड्या वेळात चांगली मिळते.

प्लायचा हा प्रश्न तसा जुनाच. १९३८ मध्ये रशियातल्या लेनिनग्राडच्या प्लायवूड उद्योगाने लिओनिद कांतोरोविच या तरुण गणितज्ञाला विचारलं, की कोणतं लाकूड कोणत्या यंत्रावर घातलं म्हणजे जास्त माल निघेल. त्यातून त्याने जी पद्धत काढली ती १९३९ मध्ये प्रसिद्ध झाली. कमीत कमी नासाडीत माल कापण्याचा प्रश्नही त्यात होता. पुढे १९७५ मध्ये त्याला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

कारखान्यात मशीन दोन प्रकारची दिसतात. एक पॅनेल सॉ, म्हणजे मोठी करवत. ती शीट या कडेपासून त्या कडेपर्यंत सरळच कापते, मध्ये थांबत नाही. त्यामुळे मांडणीही तशीच लागते. वरची १६ फळ्यांची मांडणी अशा सरळ कापांत निघते, म्हणजे गावातला मिस्त्रीही ती टेबल करवतीवर करू शकतो. दुसरं सीएनसी राऊटर. त्याच्या टेबलाला खालून हवा ओढून शीट चिकटवून ठेवतात आणि कटर वरून फिरतो. गोल, कमानी, बिजागरीची भोकं, खाचा, सगळं एकाच वेळी. फक्त तुकडा फार लहान असला तर हवेची पकड सुटून तो सरकतो, म्हणून लहान तुकडे शीटच्या मधोमध घेतात किंवा तळाला पातळ पापुद्रा ठेवून नंतर तोडतात. कापून झालं की प्रत्येक तुकड्यावर नंबर चिकटवतात, नाहीतर जुळवाजुळव करताना दिवस जायचा.

मशीन आल्याने सुताराचं काम संपलं, असं सांगणारे बरेच भेटतील. कापण्याचं काम कमी झालं हे खरं. पण भिंतीचं माप घेणं आणि जागेवर फिटिंग करणं माणसालाच करावं लागतं. माप चुकलं तर मशीन चुकीचाच तुकडा कापतं, आणि तोही झटपट.

गावात नेस्टिंग जास्त दिसतं ते लोखंडात. आजकाल गेटला आणि जिन्याला जी नक्षीची जाळी बसवतात, ती प्लाझ्मा किंवा लेसरवर कापलेली असते. दोन मिलीमीटर जाडीचा ८ बाय ४ चा पत्रा साधारण ४७ किलो भरतो. वेल, मोर, ओम अशा वाकड्या आकारांना चौकोनाचा हिशेब चालत नाही, एकाच्या खोलगट भागात दुसऱ्याचं टोक घालावं लागतं. एमडीएफच्या मखराच्या कमानीचंही तसंच, एका कमानीच्या पोटात दुसरी लहान कमान बसते. इथे मात्र सॉफ्टवेअरची बरोबरी हाताने होत नाही. डीपनेस्टसारखं मोफत सॉफ्टवेअर साध्या कॉम्प्युटरवर चालतं, लहान फॅब्रिकेशनवाल्याला ते पुरतं.

गिऱ्हाईकाने काय बघायचं? शीट कापण्याआधी मांडणीचं चित्र मागायचं, मोबाईलवर पाठवलं तरी चालतं. त्यावर एकूण शीट किती आणि कामी येणारा भाग किती टक्के हे लिहिलेलं असतं. शेवटची शीट अर्धी रिकामी दिसत असेल तर दोन-चार तुकड्यांची मापं थोडी कमी करून ती शीटच वाचते का, हे विचारावं. पूर्ण शीटचे पैसे घेतले असतील तर उरलेले मोठे तुकडे कुणाचे, हेही आधीच ठरवावं. फूटभर रुंदीची पट्टी उरली तर देव्हारा किंवा चपलांचा रॅक होतो. पत्र्याचं भंगार वजनावर जातं, तेव्हा गेटच्या बिलात ते वजा धरलंय की नाही, हे ॲडव्हान्स देण्याआधी विचारून घ्यावं.