‘औदुंबर’ : प्रतिमा, भाव आणि वाचनाचा इतिहास

१९०७ साली जळगाव येथे भरलेल्या कविसंमेलनाचे अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी त्र्यंबक बापूजी ठोमरे यांना ‘बालकवी’ ही उपाधी दिली. या उपाधीने त्यांच्या कवितेच्या वाचनाची एक दिशा निश्चित केली : निरागस, आनंदमग्न निसर्गकवी. ५ मे १९१८ रोजी जळगावजवळील भादली स्थानकाच्या परिसरात रेल्वेगाडीखाली त्यांचा मृत्यू झाला आणि वाचनाची दुसरी दिशा खुली झाली : उदास, मृत्यूची चाहूल लागलेला कवी. ‘औदुंबर’ ही अवघ्या आठ ओळींची कविता या दोन वाचनांच्या कात्रीत सापडली आहे.

दोन्ही वाचने भावाचा उगम कवितेबाहेर, कवीच्या चरित्रात शोधतात. कवितेत मात्र ‘मी’ कोठेही नाही. वर्डस्वर्थने १८०० सालच्या प्रस्तावनेत शांत चित्ताने पुन्हा आठवलेल्या भावनेतून काव्याचा उगम सांगितला. तेथे अनुभवणारा कवी गृहीतच असतो. संस्कृत काव्यशास्त्रात निसर्ग बहुधा उद्दीपन विभाव म्हणून येतो, म्हणजे नायक-नायिकांचा भाव आधीच सिद्ध असतो. ‘औदुंबर’मध्ये असा कोणताही आश्रय नाही. बालकवींच्याच ‘उदासीनता’ या कवितेत भावाला नाव आहे, पण त्याचे कारण कवीला उमगत नाही. येथे भावाला नावही नाही.

मग भाव प्रतीत होतो तो कशातून? प्रतिमांच्या क्रमातून. झरा वाहतो, पायवाट चालते, काळिमा पसरतो आणि झाड बसते : क्रियापदांची ही मालिका गतीकडून स्थैर्याकडे जाते. रंगही हिरव्यानिळ्या आणि पांढऱ्याकडून काळ्याकडे सरकतात. माणसांची वस्ती दूर टेकडीकडे राहते आणि पायवाट डोहाकडे वळते. डोहाला मृत्यूचे प्रतीक मानणाऱ्यांचा आधार हाच आहे. परंतु पाण्यावरचा हा काळिमा झाडाच्या सावलीचा आहे आणि कवीने त्याला गोडवा जोडला आहे. तो गोडवा वगळल्यावाचून मृत्यूचे वाचन सरळपणे लागू पडत नाही.

दत्तसंप्रदायाच्या संस्कारामुळे मराठी वाचकाला औदुंबरात सहज विरक्त साधक दिसतो. पण पाण्यात पाय सोडून बसणे हे काही योगासन नव्हे. ती दमलेल्या वाटसरूची किंवा स्वतःत रमलेल्या मुलाची बैठक आहे. साधक, वाटसरू आणि मूल या तिन्ही शक्यता कविता एकाच वेळी जागत्या ठेवते. झाडाच्या नावाआधी येणारे दर्शक विशेषण त्याकडे केवळ बोट दाखवते. त्याचा अर्थ सांगत नाही.

म्हणून ‘औदुंबर’ आनंदी की उदास, हा प्रश्नच अपुरा ठरतो. निसर्गाला भावनेचे वाहन करणाऱ्या सौंदर्यवादी परंपरेत ही कविता घडली. तरीही तिने त्या निसर्गाकडून कबुलीजबाब घेतलेला नाही. १९१८ ची घटना या आठ ओळींत शोधणारी समीक्षा त्यांचा हा संयमच हिरावून घेते.