भाडेकरूंची मुंबई

मुंबईचा इतिहास बहुधा गोदी, गिरण्या आणि आगगाडी यांच्या अंगाने सांगितला जातो. परंतु पोटासाठी या नगरीत उतरलेल्या माणसापुढे नोकरीच्याही आधी प्रश्न उभा राही, तो रात्री पाठ टेकण्याचा. भाड्याच्या खोलीचा शोध हाही या शहराचा एक इतिहासच आहे आणि त्याच्या खुणा आजही आपल्या कुटुंबांच्या संसारात दिसतात.

१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली आणि कोंदट, अंधाऱ्या चाळींकडे सरकारचे लक्ष गेले. १८९८ मध्ये मुंबई सुधार विश्वस्त मंडळ स्थापन झाले. मंडळाने रस्ते रुंद केले, चाळी बांधल्या. पण आरंभीच्या वर्षांत घरे पाडण्याचा वेग बांधण्याच्या वेगाहून अधिक राहिला. पुढे १९२० च्या दशकात सरकारच्या विकास खात्याने वरळी, नायगाव, शिवडी व डिलाइल रोड येथे २०७ चाळी उभारल्या. त्याच आजच्या बीडीडी चाळी. १६० चौरस फुटांची एक खोली आणि तीत नांदणारे अख्खे कुटुंब, हे तेथील जीवनाचे माप होते.

सरकारची वाट न पाहता काहींनी स्वतःची व्यवस्था केली. गोव्याहून आलेल्या खलाशी, आचारी आणि वादक बांधवांनी धोबीतलाव, माझगाव या भागांत गावागावांचे ‘कूड’ उभे केले. गावच्या माणसाने अल्पशी मासिक वर्गणी द्यावी, आपली पेटी ठेवावी, जहाजाची वाट पाहावी, सायंकाळी वेदीपुढे सर्वांसमवेत रोझरी म्हणावी, अशी ती रीत. तेथे मालक आणि भाडेकरू हा भेद फारसा उरत नसे. जागा गावाची असे. मध्यमवर्गीयांनी सहकाराचा मार्ग धरला. १९१५ साली गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था, तर १९१८ साली वांद्र्याला साल्सेट कॅथॉलिक सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली.

ज्यांना असा आधार नव्हता त्यांच्यासाठी कायदा धावून आला. दोन्ही महायुद्धांच्या काळात भाडी कडाडली, तेव्हा १९१८ व १९३९ साली भाडेनियंत्रणाचे कायदे झाले. त्यानंतर १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा आला. त्याने जुन्या जागांचे भाडे १ सप्टेंबर १९४० रोजी जे होते तेथेच बांधून ठेवले. फाळणीने निर्वासित झालेली माणसे शहरात येत असताना या कायद्याने असंख्य कुटुंबांच्या डोक्यावरचे छप्पर राखले, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे.

परंतु तात्पुरता म्हणून आलेला हा बांध अर्धे शतक टिकला. भाडे तेच राहिले आणि दुरुस्तीचा खर्च मात्र वाढत गेला. मालकाने इमारतीकडे पाठ फिरवली. अखेर १९६९ साली जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी शासनाला स्वतंत्र मंडळ नेमावे लागले. भाडे नाममात्र, पण खोलीत शिरण्यासाठी ‘पागडी’ मात्र भरमसाट! १९७३ च्या दुरुस्तीने त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीस जागेत राहणाऱ्या परवानाधारकांनाही भाडेकरूचे संरक्षण दिले. त्यामुळे हायसे वाटले ते आत असलेल्यांना. बाहेर उभ्या असलेल्यांची वाट अधिकच बिकट झाली, कारण एकदा दिलेली जागा परत मिळणार नाही, या भयाने मालक रिकाम्या घराला कुलूप घालू लागले.

डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेले भाडे आता न्याय्य राहिले नसल्याचे सांगितले. त्यानंतरचा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याने संरक्षित जागांच्या भाड्यात वर्षाला ४ टक्के वाढ मान्य केली आणि पागडीलाही कायद्याची मान्यता दिली. नव्या जोडप्याच्या वाट्याला आज बहुधा येतो तो ११ महिन्यांचा करार, मोठी अनामत आणि दलालाची दलाली. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी : करार ११ महिन्यांचा असला तरी या कायद्यानुसार तो लेखी व नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल, तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध पुरावा येईपर्यंत, ग्राह्य धरले जाते.

कायद्याच्या पलीकडे आणखी एक दार असते, ते मनाचे. जातिधर्म विचारून घर नाकारले जाते, याची खंत आपण सारेच करतो. पण आपल्या समाजासाठी उभारलेल्या संस्थांचे काय? २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहसंस्थेचा, सभासदत्व आपल्या समाजापुरते राखण्याचा नियम वैध ठरवला. एके काळी दुर्बळांना एकत्र आणणारी भिंत सबळांच्या हाती गेली की कुंपण होते. कायद्याने जे वैध आहे ते सर्वच औदार्याचे असते असे नाही.

कूड उभारणाऱ्यांकडे पैसा थोडा होता. आपल्या मागून येणाऱ्याचीही सोय लावावी, ही बुद्धी मात्र होती. भाडेनियंत्रणाच्या अर्धशतकात नेमका तोच मागून येणारा विसरला गेला. आज आपल्यापैकी काहींजवळ दुसरी सदनिका आहे आणि ती कुलूपबंद आहे. रीतसर करार करून, परवडेल अशा भाड्याने ती एखाद्या गरजू कुटुंबाला देणे मालकाला आता पूर्वीइतके धोक्याचे राहिलेले नाही. कुलूप काढायचे की नाही, हे ज्याच्या हाती किल्ली आहे त्याने ठरवायचे आहे.