एका रूपकाचे राजकारण

'मानवी स्वभावच तसा आहे' हे वाक्य उच्चारले गेले, की राजकीय चर्चा बहुधा तेथेच संपते. स्पर्धा, सत्तालालसा, विषमता हे सारे निसर्गाच्या खाती टाकले, की माणसाकडे जबाबदारी उरत नाही. या युक्तिवादाचा इतिहास आम्हांला विज्ञानाइतकाच एका रूपकाचा इतिहास वाटतो.

१८५९ च्या 'ओरिजिन ऑफ स्पीशीज'मध्ये डार्विनने 'स्ट्रगल फॉर एक्झिस्टन्स' ही संज्ञा आपण व्यापक आणि रूपकात्मक अर्थाने वापरत आहोत, असे बजावले होते. सजीवांचे परस्परावलंबनही त्याने तीत धरले. दुष्काळात अन्नासाठी झगडणारी दोन श्वापदे त्याच्यासमोर होती, तशीच वाळवंटाच्या कडेला तग धरणारी वनस्पतीही. मराठीत ही संज्ञा 'जीवनकलह' म्हणून रुळली. पण वनस्पती अवर्षणाशी कलह कसा करील? कलहाला प्रतिपक्ष लागतो. मग 'बळी तो कान पिळी' हे तिचे भाष्य आयतेच तयार असते.

हा अर्थसंकोच केवळ भाषांतराचा नव्हे. १८८८ साली टी. एच. हक्स्लीने नीतिवाद्याच्या दृष्टीने प्राणिजगत ग्लॅडिएटरांच्या झुंजीसारखेच असल्याचे लिहिले. त्याला उत्तर दिले पीटर क्रोपोट्किनने. १८६० च्या दशकात सायबेरियात हिंडताना एकाच जातीच्या प्राण्यांतील झुंज त्याला शोधूनही फारशी दिसली नव्हती. दिसली ती हिमवर्षावापुढे पळत, अमूर नदी ओलांडण्यासाठी हजारोंनी जमलेली हरणे. १८९० पासूनचे त्याचे लेख १९०२ मध्ये 'म्युच्युअल एड' या नावाने ग्रंथरूप झाले.

येथे क्रोपोट्किनचा जयजयकार करून थांबण्याचा मोह होतो. परंतु निसर्गाला क्रूर म्हणणाऱ्या हक्स्लीनेच १८९३ च्या ऑक्सफर्ड व्याख्यानात सांगितले, की नैतिक प्रगती निसर्गाच्या अनुकरणाने नव्हे, तर त्याला तोंड देऊन साधते. उलट अराज्यवादी क्रोपोट्किनने आपल्या राजकारणासाठी निसर्गाचीच साक्ष काढली. ती साक्ष उद्या फिरली, तर न्यायाची मागणीही मागे घ्यायची काय?

पुढे १९६४ साली डब्ल्यू. डी. हॅमिल्टनने आप्तांसाठीच्या त्यागाचे, तर १९७१ साली रॉबर्ट ट्रिव्हर्सने परस्परोपकाराचे उत्क्रांतीतील स्पष्टीकरण मांडले. स्वार्थ आणि सहकार्य, दोन्ही आपला वारसाच आहेत. त्यांतील कशाला कायद्याने आणि शिक्षणाने खतपाणी घालायचे, हे निसर्ग ठरवीत नाही. म्हणून 'स्वभावच तसा' असे कोणी म्हणाले, की त्या वाक्यात दडलेले रूपक आधी वाचावे. साहित्याच्या अभ्यासकांनी तरी ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.