वैनगंगेकाठचा मोगली

वैनगंगेचे नाव घेतले म्हणजे भंडारा जिल्ह्यातल्या माणसाला काय काय आठवते! पवनीचे घाट आठवतात, आंभोऱ्याचा संगम आठवतो, श्रावण-भादव्यातला पूर आणि त्या पुरात बुडालेली धानाची बांधी आठवते. जुन्या वाचनाचा कोणी असेल तर त्याला मुकुंदराज आठवतात; कारण मराठीतला आद्य ग्रंथ म्हणून ज्याचा मान केला जातो तो ‘विवेकसिंधु’ आंभोऱ्यालाच रचला गेला असे पुष्कळ अभ्यासक मानतात. पण याच नदीच्या काठी आणखी एक ग्रंथनायक वाढला आहे. लांडग्यांच्या कळपात रांगला, अस्वलापाशी शिकला, आणि साऱ्या जगातल्या पोरांचा मित्र झाला. त्याचे नाव मोगली. हा मोगली आपल्या नदीचा, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही. आज तीच थोडी उलगडून पाहू.

१९९३ साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘जंगल बुक’ नावाची चित्रमालिका दाखवीत. त्या वेळी आठ-दहा वर्षांची असलेली मुले आज चाळिशी ओलांडलेली आहेत. कोणी शिक्षक आहेत, कोणी धानाचे व्यापारी, कोणी नागपूर-पुण्याला नोकरीला. त्यांच्यापाशी नुसता विषय काढा. गडी लगेच गुणगुणायला लागतो! ते शीर्षकगीत गुलजारांनी लिहिले होते आणि विशाल भारद्वाज यांनी त्याला चाल लावली होती. शेरखानचा आवाज आपल्या नाना पाटेकरांचा. गावात दूरचित्रवाणीचे संच मोजके, त्यातले बरेचसे कृष्णधवल. छपरावरचा अँटेना वाऱ्याने फिरला की एकाने वर चढायचे, दुसऱ्याने दारातून ओरडायचे, “आलं, आलं! आता हलवू नको!” वीज गेली तर ट्रॅक्टरची बॅटरी जोडायची. ज्याच्या घरी संच त्याच्या ओसरीवर गल्लीतली सगळी पोरे. मालिका संपली की तीच पोरे ढोरांमागे जाताना एकमेकांना शेरखान आणि बगीरा म्हणून हाका मारीत.

गंमत अशी, की ही मालिका घडली जपानात. निप्पॉन अ‍ॅनिमेशन या संस्थेने ती १९८९-९० मध्ये ५२ भागांत काढली होती. मूळ कथा इंग्रजी लेखकाची, चित्रे जपानी चित्रकारांची, बोली हिंदी, आणि प्रेक्षक झाडीपट्टीतले, घरात झाडीबोली बोलणारे. एवढा मोठा प्रवास करून ती गोष्ट जिथे येऊन पोचली ते ठिकाण मात्र तिच्या मूळ नदीचाच काठ होता. आणि त्या ओसरीवर बसलेल्या पोरांना हे ठाऊक नव्हते! त्यांच्या लेखी मोगलीचे जंगल कुठेतरी फार लांब होते.

आता मूळ पुस्तकाकडे वळू. ‘द जंगल बुक’ १८९४ साली निघाले आणि दुसरा भाग १८९५ साली. लेखक रुडयार्ड किपलिंग. याचा जन्म आपल्या मुंबईचा, ३० डिसेंबर १८६५ चा. वडील जे. जे. कलाशाळेत शिक्षक होते. घरात आया आणि गडी-माणसे. मुलाचे पहिले बोलणे त्यांच्याच भाषेत. आईवडिलांपुढे जाताना आता इंग्रजीत बोल, अशी नोकरांना त्याला आठवण करून द्यावी लागे, असे त्याने पुढे आत्मवृत्तात सांगितले आहे. पाच वर्षांचा झाला आणि १८७१ साली त्याला धाकट्या बहिणीसह विलायतेत एका परक्या घरी ठेवून आईबाप परत फिरले. त्या घरी त्याने सहा वर्षे काढली, आणि ती फार दुःखाची गेली. माणसांच्या घरात राहून एकटा पडलेला आणि जनावरांच्या कळपात आपली माणसे सापडलेला मोगली या लेखकाला का सुचला असावा, याचे थोडेसे उत्तर त्या सहा वर्षांत आहे असे वाटते.

पुढे १८८२ साली तो हिंदुस्थानात परतला आणि लाहोर-अलाहाबादच्या वर्तमानपत्रांत सात वर्षे राबला. पण ‘जंगल बुक’ लिहिले ते अमेरिकेत, व्हरमाँटमध्ये, बर्फाने वेढलेल्या घरात बसून. पहिल्या खर्ड्यात मोगलीचे रान अरवलीच्या डोंगरात होते. मग त्याने ते उचलून शिवनीच्या टेकड्यांत, वैनगंगेच्या खोऱ्यात आणून ठेवले. शिवनीला तो स्वतः गेल्याचा पुरावा सापडत नाही. मग नदी, घळी, गावे हे सगळे त्याने कुठून आणले? रॉबर्ट स्टर्नडेल नावाचा एक इंग्रज अधिकारी होता. त्याने शिवनी आणि सातपुड्यातल्या मुक्कामांवर १८७७ साली एक पुस्तक लिहिले होते, पुढे सस्तन प्राण्यांवर दुसरे लिहिले. किपलिंगने त्याचा भरपूर उपयोग केला. लांडग्यांनी वाढवलेल्या मुलांच्या हकिगती कर्नल स्लीमन याने अवध प्रांतातून आधीच नोंदवून ठेवल्या होत्या. थोडक्यात, मुलगा अवधचा, रान शिवनीचे आणि आठवण मुंबईच्या बालपणाची.

वैनगंगा उगम पावते शिवनी जिल्ह्यातल्या मुंडारा गावाजवळ. तिथून ती वळसा घेत बालाघाटकडे जाते, मग दक्षिणेला वळून गोंदिया आणि भंडारा जिल्ह्यांत शिरते, तुमसर, मोहाडी, भंडारा, पवनी असे तालुके करीत चंद्रपूर-गडचिरोलीच्या हद्दीवर वर्धेला मिळते. पुढे दोघींची प्राणहिता होते. शिवनीच्या पश्चिम अंगाची पेंच नदी कन्हानला मिळते आणि कन्हान आंभोऱ्याजवळ वैनगंगेत येते. म्हणजे शिवनीच्या रानावर पडलेल्या पावसाचे बरेचसे पाणी या ना त्या वाटेने शेवटी भंडाऱ्याच्या पदरात पडते. शिवाय शिवनी आणि भंडारा पूर्वी एकाच मध्यप्रांतात होते. १ नोव्हेंबर १९५६ ला भंडारा मुंबई राज्यात आला, १ मे १९६० ला महाराष्ट्रात, आणि मधे राज्याची सीमा उभी राहिली. नदीने ती मानली नाही. आपल्या पाठ्यपुस्तकांनी मात्र मानली.

पुस्तकात वैनगंगा पानोपानी आहे. शेरखान राहतो तो वैनगंगेजवळ. तो मरतो तेही वैनगंगेच्या एका मोठ्या कोरड्या घळीत. मोगली रामा नावाच्या रेड्याला पुढे घालून म्हशींचा कळप दोन्ही बाजूंनी आत दामटतो आणि वाघ पायाखाली चिरडला जातो. हा प्रसंग वाचताना इंग्रज पोराला नवल वाटले असेल. आपल्या गोवारी पोराला त्यात काय नवल! ढोरे राखणाऱ्या पोराची अक्कल, म्हशीचा राग आणि वाघाचा वास आल्यावर कळपाने केलेले कडे, हे तो लहानपणापासून ऐकत आलेला असतो. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, ढाल निघते, रात्री दंडार रंगते, तेव्हा मानाने पुढे असतो तो गुराखीच. किपलिंगला मंडई ठाऊक नव्हती. पण वाघावर मात करणारा आपला नायक त्याने गुराखीच केला, हे विसरता येत नाही.

दुसरी एक कथा रानकुत्र्यांची. दख्खनकडून लाल कुत्र्यांची झुंड येते आणि मोगली तिला नदीच्या कड्याशी नेऊन आग्या मोहोळांच्या तोंडी देतो. नकाशा पाहिला तर शिवनीहून दख्खन दक्षिणेला, म्हणजे ही झुंड आपल्याच अंगाने वर गेली म्हणायची! नागझिऱ्याच्या रानात रानकुत्री आजही आहेत. पूर्वी भंडारा जिल्ह्यात असलेले आणि १ मे १९९९ पासून गोंदियात गेलेले नागझिरा आणि नवेगाव बांध ही आपली खरी ‘जंगल बुके’. व्यंकटेश माडगूळकरांनी ‘नागझिरा’ लिहिले. मारुती चितमपल्ली नवेगावला वनाधिकारी होते; तिथली पाखरे, झाडे आणि रानाची शहाणी माणसे त्यांनी मराठीत आणली. चितमपल्ली २०२५ साली गेले. त्यांच्या पुस्तकातली माणसे आणि किपलिंगची माणसे शेजारी ठेवून वाचावीत, म्हणजे फरक दिसतो. किपलिंगच्या गावकऱ्याला रान कळत नाही. त्याचा शिकारी बलदेव बढाईखोर आहे, गावकरी भित्रे आणि भुताखेतांना मानणारे आहेत, आणि अडचणीत सापडलेल्या मेसुआला न्याय मिळायचा तो इंग्रजांकडे. गोंड येतो तोही क्षणभरच. ज्यांनी या मुलखात रानाशी सोयरीक जोडली, कोहळ्यांनी तळी बांधली, गोंडांनी झाडाझाडाला नाव दिले, त्यांना या पुस्तकात जागा फार थोडी. तो काळ आणि ती सत्ता लेखकाच्या लेखणीत उतरली आहे, हे मुलांना समजावून सांगायलाच हवे. तेवढ्यासाठी पुस्तक फेकून द्यायचे कारण नाही.

आता एका कथेकडे मुद्दाम लक्ष वेधतो. मोठा दुष्काळ पडतो. वैनगंगा आटते, आणि तिच्या पात्रात एरवी पाण्याखाली असणारा एक लांबट खडक उघडा पडतो. तो दिसला की हत्ती पाणवठ्याचा तह पुकारतो. तह असेपर्यंत पाण्यावर कोणी कोणाला मारायचे नाही. वाघ, हरिण, डुक्कर, अस्वल, सगळे एकाच धारेवर तोंड लावतात.

त्या कथेतली नदी आणि आजची नदी यांत केवढे अंतर पडले! २२ एप्रिल १९८८ ला पवनी तालुक्यात गोसीखुर्द धरणाची पायाभरणी झाली. त्या धरणाने शेतीला पाणी देऊ केले आणि अनेक गावे उठवली. फुगवटा आंभोऱ्यापर्यंत आणि भंडारा शहरापर्यंत आला. पाणी आता वर्षभर दिसते खरे; पण नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानला आणि कन्हानमधून या साठ्यात उतरते, म्हणून काठच्या लोकांना ते प्यायची धास्ती वाटते. जनावरांचेही तसेच. नागझिऱ्यातला ‘जय’ नावाचा वाघ २०१३ साली नद्या, रस्ते आणि शेते ओलांडून उमरेड-कऱ्हांडल्याच्या रानात गेला. लोक त्याला पाहायला लांबून येत. एप्रिल २०१६ नंतर तो कोणाला दिसला नाही. आणि किपलिंगचा हत्ती? तो तर खरोखरच आला! छत्तीसगडकडून गडचिरोलीत उतरलेला रानहत्तींचा कळप २०२२ साली गोंदिया आणि भंडारा जिल्ह्यांत फिरून गेला. उभे धान तुडवले गेले. हत्तीने गाव मोडल्याची कथा किपलिंगने लिहिली आहे आणि वाचणारा तिथे मोगलीच्या बाजूने टाळ्या वाजवतो. ज्याचे धान गेले तो शेतकरी कोणत्या बाजूने टाळ्या वाजवील? त्याला वेळेवर भरपाई मिळाली पाहिजे, आणि हत्तीलाही वाट मिळाली पाहिजे. पाणवठ्याचा तह आता माणसांनीच पुकारायचा आहे, आणि तो केवळ जनावरांशी करून भागणार नाही. वरच्या गावाने खालच्या गावाशी, शहराने खेड्याशी तो करावा लागेल.

२०२० सालच्या एप्रिलमध्ये टाळेबंदी होती. दूरदर्शनने जुन्या मालिका पुन्हा दाखवल्या, त्यांत ही मालिकाही होती. आईबाप मुलांना हाक मारून संचापुढे बसवीत होते, “बघ, हे आमच्या वेळचं.” मुलांनी पाहिले, काहींना आवडले, काहींना चित्रे जुनाट वाटली. यात वाईट वाटण्यासारखे काही नाही. बालपणाची हुरहुर ज्याची त्याची असते. ती मुलाला वारसाहक्काने देता येत नाही. देता येण्यासारखी गोष्ट निराळी आहे, आणि ती आपल्या हाताशी आहे.

तेव्हा शिक्षकांना आणि पालकांना एक विनंती करतो. वर्गात किंवा घरात नकाशा उघडा. मुलाचे बोट मुंडाऱ्यावर ठेवा, आणि निळ्या रेघेवरून हळूहळू खाली आणा: शिवनी, बालाघाट, तुमसर, भंडारा, पवनी. मग शेरखानची घळ सांगा, लाल कुत्र्यांची झुंड सांगा, दुष्काळातला तो खडक सांगा. घरात आजी असेल तर तिला बाजूला बसवून तिच्या बोलीतली वाघाची गोष्टही सांगायला लावा. ती गोष्ट अजून कोणत्याच पडद्यावर आलेली नसेल. आणि एखाद्या रविवारी मुलाला घेऊन नदीवर जा. पाणी कसे आहे ते त्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहू द्या. तो काही विचारील. त्याच्या प्रश्नांची उत्तरे आपल्यापाशी तयार असावीत, एवढेच आज सांगायचे होते.